जबडा दुखतो, पण दोष दातांचा असेलच असं नाही

कानाच्या पुढे दुखतं. घास चावताना कट् असा आवाज येतो. जांभई देताना जबडा अडकल्यासारखा होतो आणि सकाळी उठल्यावर कानशिलं जड असतात. माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, तिथे कान स्वच्छ निघतो. मग दाढ किडली असेल म्हणून दातांच्या दवाखान्यात जातो. तिथे कधी कधी असं ऐकायला मिळतं: तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, म्हणून सांध्यावर ताण येतोय, दात थोडे घासून चावा जुळवून घेऊ, नाहीतर सगळ्या दाढांना कॅप लावू, नाहीतर दोन वर्षं तारा लावू. 'घरी विचारून सांगते' म्हणून खुर्चीतून उठलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

कारण घासलेलं इनॅमल, म्हणजे दातांवरचं कठीण आवरण, परत येत नाही. आणि वाकड्या चाव्याचा या दुखण्याशी जितका संबंध समजला जातो, त्याहून प्रत्यक्षात तो फार कमी आहे.

सांधा कसा चालतो

दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकांच्या जरा पुढे टेकवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटांखाली हाडाचं एक गोल टोक जाणवेल. ते आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं आणि मागे एक खळगा राहतो. तोंड मिटलं की टोक पुन्हा जागेवर. हाच जबड्याचा सांधा, डॉक्टर ज्याला टीएमजे म्हणतात. दाराची बिजागरी नुसती फिरते, हा सांधा फिरतो आणि घसरतोही. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे डावा आणि उजवा सांधा एकमेकांना कायमचे बांधलेले आहेत. एक कुरकुरला की दुसऱ्यालाही आपली चाल बदलावी लागते.

या गोल टोकाच्या आणि कवटीतल्या खोबणीच्या मध्ये चिवट तंतूंची एक लहानशी गादी असते. एरवी ती टोकाबरोबर पुढे-मागे सरकते. काही जणांत ती जरा पुढे निसटलेली असते. मग तोंड उघडताना टोक उडी मारून तिच्याखाली शिरतं आणि त्या क्षणी कट् वाजतं. मिटताना गादी पुन्हा निसटते, तेव्हा दुसरा, जरा हलका आवाज येतो. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर या आवाजावर कसलाही उपचार लागत नाही. असे आवाज कितीतरी निरोगी माणसांच्या जबड्यातून वर्षानुवर्षं येत असतात.

आता दात घट्ट आवळा आणि गालाच्या मागच्या बाजूला हात लावा. तिथे टणक फुगवटा येईल. कानशिलावर बोटं ठेवलीत तर तिथेही काहीतरी आवळल्यासारखं जाणवेल. चावण्याचे हे दोन मोठे स्नायू. 'सांधा दुखतो' म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांत खरं दुखणं सांध्यात नसतंच, या स्नायूंत असतं. कानशिलावरचा स्नायू दुखला की माणूस डोकेदुखीची गोळी घेतो, गालाचा दुखला की दाढेला दोष देतो. चांगल्या दाढेचं रूट कॅनाल होऊनही ठणका तसाच, हा प्रकार अशातूनच घडतो.

जबड्याच्या या दुखण्याला डॉक्टर टीएमडी म्हणतात, पण ते एका आजाराचं नाव नाही. सांधा, त्यातली गादी आणि हे स्नायू यांच्या तीसहून अधिक तक्रारींना मिळून ते नाव दिलेलं आहे. एकाच नावाखाली इतक्या गोष्टी आल्या की उपचारांचा गोंधळ व्हायचाच. 2014 साली निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, आणि त्यात भर आहे तो नीट विचारपूस करण्यावर आणि हाताने तपासण्यावर. डॉक्टर मोजपट्टीने तोंड किती उघडतं ते पाहतात. साधारण 40 ते 55 मिलिमीटर उघडायला हवं, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी मावतील इतकं. उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, स्नायू दाबल्यावर 'हेच ते, माझं नेहमीचं दुखणं' असं पेशंट म्हणतो का, हे पाहिलं जातं. सरसकट सगळ्यांना एमआरआय लागत नाही.

चाव्यावर आळ कसा आला

1934 साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. या रुग्णांचे कान दुखत होते, कानांत दडे बसत होते, डोकं दुखत होतं, आणि बऱ्याच जणांच्या मागच्या दाढा पडलेल्या होत्या. कॉस्टेन यांचं म्हणणं असं की दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचं टोक मागे जाऊन कानाजवळच्या नसांवर दाब आणतं. चावा उंच केला की दुखणं जाईल. पुढे शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की टोकाचा असा दाब त्या नसांवर पडूच शकत नाही. पण तोवर कल्पना रुजली होती. दुखणं जबड्याचं, जबड्यात दात, म्हणजे दोष दातांच्या बसण्यात, हे पटायला इतकं सोपं आहे की ते आजही दवाखान्यांतून ऐकू येतं.

उलट बाजूनेही हाच समज नडला. 1987 साली मिशिगन राज्यात एका मुलीने दावा केला की दातांना तारा लावून केलेल्या उपचारामुळे तिचा जबडा दुखू लागला. ज्युरीने तिच्या बाजूने मोठी भरपाई दिली. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे दंतवैद्य, हादरले आणि त्यांच्या संघटनेने या प्रश्नावर संशोधन करवून घेतलं. त्या संशोधनाचा आणि नंतरच्या अभ्यासांचा सूर एकच निघाला: तारांमुळे टीएमडी होतही नाही आणि तारांनी तो बराही होत नाही. 2003 साली उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने दात घासून चावा जुळवण्याच्या उपचाराचे प्रयोग तपासले. दात घासल्याने टीएमडी बरा होतो किंवा टळतो, याचा पुरावा सापडला नाही.

मग होतं कशामुळे? यावरचं सर्वांत मोठं काम अमेरिकेतल्या ऑपेरा या अभ्यासात झालं. जबड्याची तक्रार नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. कुणाला दुखणं सुरू होतं? ज्यांना आधीच डोकं, पाठ, पोट अशी दुसरी दुखणी होती त्यांना. ज्यांची झोप बिघडलेली होती, मनावर सतत ओझं होतं, जबड्याला मार बसलेला होता त्यांना. बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, आणि ऐन उमेदीच्या वयात दिसतो.

'ताण' हा शब्द आला की घरात आणि कधी कधी दवाखान्यातही त्याचा अर्थ 'मनाचे खेळ' असा लावला जातो. बाईला 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगून घरी पाठवलं जातं. हे मला फार खटकतं. ताणात असलेला माणूस नकळत दिवसभर दात आवळून बसतो. तासन् तास आवळलेला स्नायू खरोखर दुखतो, आणि दुखणं महिनोन् महिने राहिलं की मेंदूतली वेदना जाणण्याची यंत्रणा हळवी होते. मग साध्या स्पर्शानेही दुखतं. यातलं काहीही काल्पनिक नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेने खरी आहे. मोठ्या माणसाचा वर्षानुवर्षं ठीक असलेला चावा अचानक बदलला, 'परवापासून एकाच बाजूचे दात टेकतात' असं झालं, तर दात नाही, सांधा तपासायचा. सांध्याला सूज येणं, संधिवात, टोकाचं हाड झिजणं किंवा जास्त वाढणं यांनी जबडा सरकतो आणि मग दात जुळेनासे होतात. अशा वेळी दात घासले, तर उद्या सांधा जागेवर आल्यावर काय? अपवाद एकच: नुकतंच नवं सिमेंट भरलंय किंवा कॅप बसवलीय आणि तिथेच आधी टेकतं. तिथे दात टेकतात त्या जागी खूण उमटवणारा निळा कागद चावायला देऊन उंच भाग किंचित उतरवणं हेच योग्य, आणि ते लवकर करून घ्यावं.

सुरुवात कुठून करायची

2023 च्या डिसेंबरमध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने दीर्घकाळ दुखणाऱ्या जबड्यासाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. ठामपणे शिफारस केलेल्या उपचारांत एकही दातांना हात लावणारा नाही. तिथे आहेत ते फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, हाताने स्नायू आणि सांधा मोकळा करणं, सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत, आणि घरच्या घरी करायची काळजी.

घरच्या काळजीला लोक 'म्हणजे काही उपचारच नाही' असं समजतात. पण बहुतेकांचं दुखणं इथेच हटतं, म्हणून ती नीट सांगते.

तोंड मिटलेलं असताना दात टेकलेले असायला नको. ओठ मिटलेले, दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट, आणि जीभ 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे. ही जबड्याची विश्रांती. आत्ता वाचताना तुमचे दात टेकले आहेत का, पाहा. संगणकासमोर, दुचाकी चालवताना, मुलाचा अभ्यास घेताना, सुईत दोरा ओवताना बहुतेकांचे टेकलेले असतात. फोन वाजला की, सिग्नलला थांबलं की दात सोडायचे, अशी खूणगाठ बांधून घ्या. सुरुवातीला दिवसातून पन्नासदा सोडावे लागतील. नंतर जबडा आपोआप शिकतो.

दुखणं जोरात असेल तोवर काही दिवस मऊ खायचं: मुगाची खिचडी, उपमा, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस दातांनी सोलणं, पेरू अख्खा तोडणं, मटणाची नळी फोडणं, चिक्की, कडक चकली, च्युइंगम बंद. फळ चिरून खा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड प्रमाणाबाहेर उघडणार नाही. दुखऱ्या गालावर दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं ओला गरम शेक घ्या. फोन मानेने धरून बोलणं सोडा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस घ्या. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नाहीच. मात्र मऊ खाणं महिनोन् महिने चालू ठेवू नका. स्नायूला काम लागतंच, आणि भीतीने तोंड कमी उघडत राहिलं की ते खरंच कमी उघडू लागतं.

आता नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायची पारदर्शक प्लेट. जबडा दुखला की बहुतेक ठिकाणी पहिल्याच भेटीत तिचं माप घेतलं जातं. झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या दातांची झीज ती वाचवते, हे खरं. काहींना तिने बरंही वाटतं. पण जुन्या दुखण्यावर उपाय म्हणून तिचा पुरावा कच्चा आहे. बीएमजेच्या शिफारशींत काढता-घालता येणाऱ्या प्लेटचं पारडंही 'शक्यतो नको' याच बाजूला झुकलंय, आणि चावा कायमचा बदलणाऱ्या प्लेटला तर ठाम नकार आहे. मला वाटतं, दात झिजत असतील तर ती जरूर करावी. पण कडक अ‍ॅक्रिलिकची, त्या जबड्याचे सगळे दात झाकणारी, निळ्या कागदावर चावून सगळीकडे सारखी टेकते याची खात्री केलेली, आणि फक्त रात्री घालायची. नुसते पुढचे दात झाकणारी छोटी प्लेट सतत घातली तर मागच्या दाढा सरकतात आणि काही महिन्यांनी दात मिटेनासे होतात. तयार मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून बसवायची प्लेट वापरत असाल तर चावा बदलत नाही ना याकडे लक्ष ठेवा.

मूल झोपेत दात खातं म्हणून जंतांचं औषध देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. जंत असतील तर औषध द्यावंच, पण लहान मुलांत दात खाणं सर्रास असतं आणि कायमचे दात येता येता बहुतेकांचं आपोआप थांबतं. मूल घोरतही असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड मात्र दाखवा.

बोटॉक्स, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, लेझर, सुया घालून सांधा धुणं, यांच्या जाहिराती मोठ्या शहरांत दिसू लागल्या आहेत. जुन्या दुखण्यासाठी यांची सरसकट शिफारस नाही. सांधा उघडून गादी काढण्याच्या ऑपरेशनला तर ठाम विरोध आहे, आणि त्यामागे कडू इतिहास आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत अमेरिकेत हजारो रुग्णांच्या सांध्यात टेफ्लॉनचा थर असलेल्या कृत्रिम गाद्या बसवल्या गेल्या. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि आजूबाजूचं हाड विरघळू लागलं. 1990 च्या सुमारास सरकारी यंत्रणेने ते रोपण बाजारातून काढायला लावलं. कितीतरी जणांचं पुढचं आयुष्य ऑपरेशनमागून ऑपरेशन करण्यात गेलं.

जबडा खरंच वाकडा असेल तर

इथवर वाचून असं वाटेल की वाकड्या जबड्यावर उपचार करूच नयेत. तसं नाही. खालचा जबडा फार मागे किंवा फार पुढे असणं, चेहरा एका बाजूला झुकलेला असणं, पुढचे दात मिटतच नसणं, यांनी चावता येत नाही, उच्चार अडतात, पुढे आलेले दात पडल्यावर तुटतात, आणि चार माणसांत हसायची चोरी होते. यासाठीचे उपचार चांगले आहेत, फक्त ते या कारणांसाठी करायचे असतात. दुखणं जाईल या आशेने नाही. दुखणंही असेल तर ते आधी शांत करून मग तारांचा विचार करावा.

यात वयाला फार महत्त्व आहे. वरचा जबडा मागे राहिला असेल तर साधारण आठ ते दहा या वयात चेहऱ्यावर लावायच्या साधनाने तो पुढे ओढता येतो. खालचा मागे असेल तर मूल भराभर उंच होऊ लागतं त्या काळात, अकरा ते तेराच्या आसपास, ट्विन ब्लॉकसारखी जोड-प्लेट उपयोगी पडते. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाला एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून ठेवावं. वाढ संपल्यावर हाडांतला मोठा फरक नुसत्या तारांनी जात नाही. तिथे तारा आणि ऑपरेशन दोन्ही लागतं. आधी वर्ष-दीड वर्ष तारांनी दात ओळीत आणतात. मग पूर्ण भूल देऊन तोंडाच्या आतूनच हाड कापतात, नव्या जागी सरकवतात आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी पक्कं करतात. चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. पण खालच्या ओठाला आणि हनुवटीला बधिरपणा येऊ शकतो, तो बहुधा काही महिन्यांत कमी होतो आणि काही जणांत थोडा कायम राहतो. हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

थांबू नये अशी लक्षणं

आजवर कट् वाजणारा जबडा एके दिवशी वाजायचा बंद झाला आणि तोंड जेमतेम दोन बोटंच उघडतंय, तर गादी पुढे अडकलेली असू शकते. महिनाभर वाट न पाहता काही दिवसांतच दाखवा. जांभई देऊन तोंड उघडं ते उघडंच राहिलं, तर सांधा निखळलाय. घरी कुणी ओढाताण करू नये, सरळ रुग्णालय गाठावं. डॉक्टर अंगठे खालच्या दाढांजवळ ठेवून जबडा आधी खाली दाबतात आणि मग मागे सरकवतात. सुश्रुतसंहितेतही निखळलेला हनुसंधी शेकून, जागेवर बसवून बांधण्याचं सांगितलेलं आहे.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला घास चावताना जबडा भरून येत असेल, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर रक्तवाहिनीला सूज असू शकते. डोळा वाचवायचा तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. चालताना किंवा जिने चढताना जबडा दुखून थांबल्यावर बरं वाटतंय, घाम येतोय, तर ते हृदयाचं असू शकतं. गालात विजेच्या झटक्यासारखी काही सेकंदांची कळ, हे नसेचं दुखणं, त्याचे उपचार निराळे.

आणि सुपारी. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात आणि खाल्ल्या जातात. तोंड हळूहळू कमी उघडतंय, तिखट अजिबात सोसत नाही, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ झालीय, तर तो सांध्याचा आजार नाही. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर आखडतं आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. अशा तरुणाला जबड्याचे व्यायाम शिकवून घरी पाठवणं धोक्याचं आहे. त्याची सुपारी त्याच दिवशी बंद व्हायला हवी आणि तोंड नीट तपासलं जायला हवं.

मूल हनुवटीवर पडलं आणि नुसती खोक पडली, टाके घातले, विषय संपला, असंही समजू नये. हनुवटीवरचा मार थेट कानापुढच्या त्या गोल टोकांपर्यंत जातो. तिथलं हाड मोडलेलं लक्षात आलं नाही तर सांधा गोठतो, तोंड उघडत नाही आणि त्या बाजूचा जबडा वाढायचा थांबतो. पडल्यानंतर दात पूर्वीसारखे जुळत नसतील किंवा तोंड उघडताना मूल रडत असेल, तर एक्स-रे करून घ्या.

खाजगी दवाखान्यातला खर्चाचा आकडा ऐकून गोंधळलात तर दुसरं मत घ्यायला मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, ही ठिकाणं आहेत. तिथे तोंडाच्या आजारांचा, तारांचा आणि शस्त्रक्रियेचा असे तिन्ही विभाग एका छताखाली असतात. जाताना जुने एक्स-रे, सुचवलेल्या उपचारांचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी न्या. दुखणं कधी सुरू झालं, सकाळी जास्त असतं की संध्याकाळी, झोप कशी आहे आणि दुसरं काय काय दुखतं, तेही न विचारता सांगा.